आधी सगळं बघ

अरे,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला, मी सकाळी वाचला. कामासाठी 48 मेल पाठवलेस, तीन उत्तरं आली, त्यातलं एक फुकट टेस्ट एडिट मागणारं. एडिटिंगचा डिप्लोमा होऊन सात महिने झाले, अंधेरीत तिघांत एक खोली आहे, आणि परभणीहून बाबा दर रविवारी विचारतात की पुढे काय. तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, असलं मी लिहिणार नाही. ते ऐकायला तू मला लिहिलेलं नाहीस.

तुझी रील, म्हणजे कामाचे तुकडे जोडून केलेला नमुना, तीनदा पाहिली. 92 सेकंद, 61 कट. मोजले मी. त्यात तुझ्या डिप्लोमा फिल्ममधल्या शेंगा सोलणाऱ्या आजी आहेत. मूळ फिल्ममध्ये त्या मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतात, जरा थांबतात, काहीतरी बोलावं की नाही असं त्यांच्या ओठांवर येतं, आणि मग मान खाली घालून पुढची शेंग फोडतात. स्क्रीनिंगनंतर किती दिवस तो शॉट माझ्या डोळ्यांपुढे होता. रीलमध्ये तू त्यांची मान वर झाल्याबरोबर कापलंस, कारण तिथे ढोलाचा ठोका होता. खाली बघणं गेलं, शेंग फोडणं गेलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्याला तो शॉट सापडला त्यानेच तो टाकून दिला.

ती रील बाजूला ठेव. तिच्याऐवजी त्या फिल्ममधला एकच प्रसंग, तीन मिनिटांचा, जसाच्या तसा पाठव. खाली एक ओळ लिही: हा प्रसंग किती तासांच्या फुटेजमधून काढला आणि कोणती अडचण होती. ज्याला खरोखर एडिटर हवा आहे तो ती ओळ वाचतो.

सॉफ्टवेअर कोणतं, हा तुझा पहिला प्रश्न. जिथे बसशील तिथलं. अ‍ॅव्हिड आणि प्रीमियर दोन्हींवर हात चालला पाहिजे, दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घरच्या सरावाला पुरते. यावर आणखी वेळ घालवू नकोस.

काम कुठून येतं, हा खरा प्रश्न. मेलवरून फारसं येत नाही. तुझ्या शेजारी रात्री अकरा वाजता बसलेल्या माणसाकडून येतं. मी असिस्टंट होते तेव्हा एका माहितीपटाच्या दिग्दर्शकाने एडिटरला विचारलं, तो म्हातारा मासे वाळत घालताना हसतो तो शॉट आपल्याकडे आहे की मला भास झाला? एडिटर लॉगशीट, म्हणजे कोणत्या कॅसेटवर काय आहे त्याची यादी, चाळायला लागले. मी मागून म्हटलं, कॅसेट सात, शेवटची दोन मिनिटं, साउंड खराब आहे. त्या दिग्दर्शकाने पुढची फिल्म मला दिली. माझी रील बघितली नाही, मार्क विचारले नाहीत. मी सगळं बघितलेलं होतं, एवढंच त्यांना कळलं होतं. म्हणून सांगते, आधी सगळं बघ. मोठा एडिटर मिळाला तर त्याच्या हाताखाली सिंक लाव (चित्राला आवाज जुळव), प्रॉक्सी बनव (फुटेजच्या हलक्या कॉपी), बिन लाव (क्लिपची फोल्डरं), कंटाळवाणं काम कर, पण प्रत्येक क्लिप पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत बघ. तुझ्याच बॅचचे दिग्दर्शनवाले फिल्म करतील तेव्हा त्यांनाही हाच माणूस लागेल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून सुटलेल्या मुलांची पहिली कामं बहुतेक एकमेकांकडूनच येतात, त्यात कमीपणा मानू नकोस.

आमच्या वेळी बघणं टाळणं अवघड होतं. शूटिंग बीटाकॅम टेपवर व्हायचं; तिची लहान कॅसेट 30 मिनिटांची, ती कॉम्प्युटरवर घ्यायला 30 मिनिटंच लागायची. मशीनसमोर बसायचं, तर डोळे आपोआप तिकडे जायचे. आता कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पाच-दहा मिनिटांत उतरतं आणि तुम्ही लोक दुप्पट वेगाने पुढे पळवता. पळवलेल्या फुटेजमध्ये माणसाचा चेहरा दिसतो, श्वास दिसत नाही.

आता जे सांगते ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायकांवर एक माहितीपट मी एडिट केला. गिरणीकामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्या बायका. 1982च्या जानेवारीत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि जेवणारे तसेच जेवत राहिले. एक बाई बोलायला फार छान. मुलाखत संपली तिथे लॉगशीटवर लिहिलेलं होतं: कॅसेट 11, पुढे एनजी. एनजी म्हणजे 'नो गुड', कामाचं नाही. हार्ड डिस्क महाग होत्या, म्हणून लॉगवर खूण केलेले तुकडेच आत घ्यायची पद्धत होती. पुढची चार मिनिटं मी आत घेतली नाहीत. बघितलीही नाहीत. टेलिकास्टची तारीख डोक्यावर होती, दुसऱ्याने लिहिलेल्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला आणि फिल्म लॉक केली.

बऱ्याच वर्षांनी त्या कॅसेट डिजिटाइज करताना ती चार मिनिटं समोर आली. कॅमेरामन कट म्हणाला होता पण टेप चालूच होती. बाईंना वाटलं संपलं. त्या उठल्या, आतून एक वही घेऊन आल्या, लाल कापडी पुठ्ठ्याची. संपाच्या काळातली उधारी. एकेका नावावर बोट ठेवत वाचू लागल्या: हा गावी गेला, हा वारला, याचा मुलगा आता रिक्षा चालवतो, परवा दारात येऊन नमस्कार करून गेला. कोणीतरी विचारतं, मावशी, पैसे मिळाले का? त्या म्हणतात, नाव खोडलं की माणूस गेल्यासारखं वाटतं, म्हणून एकही खोडलं नाही. मग पदराने पुठ्ठा पुसतात आणि वही परत आत ठेवायला जातात. कॅमेरा तिरका, अर्ध्या फ्रेममध्ये टेबलाचा पाय. पूर्ण फिल्म त्या चार मिनिटांत होती. तोवर बाई हयात नव्हत्या, आणि फिल्म त्यांच्या वहीशिवायच लोकांनी बघितलेली होती.

त्या दिवसानंतर मी न बघितलेलं फुटेज कापलेलं नाही. एकदाही नाही. यापायी काय गेलं तेही सांगते, म्हणजे मी फक्त उपदेश करते असं तुला वाटायला नको. एका दैनंदिन मालिकेचं काम होतं, महिना ठरलेला पैसा. शूटिंग संध्याकाळी संपणार, कार्ड रात्री येणार, सकाळी चॅनलला एपिसोड हवा. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणाले, मास्टर (पूर्ण सीनचा रुंद शॉट) लाव, दोन क्लोजअप टाक, टेक कशाला बघतेस. मी तीन आठवडे टेक बघतच केलं आणि सोडलं. नंतर 'हळू आहे' असं माझ्याबद्दल बोललं गेलं आणि दोन वर्षं मालिकांचा फोन आला नाही. तेव्हा माझं घर डोंबिवलीत होतं आणि घरात दुसरा पगार होता. तुझ्याकडे तो नाही, हे मला दिसतं. तुला महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायचं आहे. तरीही मी चुकले असं मला वाटत नाही. माझ्याबरोबरचे जे तिथे राहिले त्यांनी घरं घेतली, चांगली माणसं आहेत ती, आणि त्यातल्या एकाने मला स्वतः सांगितलं की त्याला आता सीन बसून बघवत नाही, हात आधीच फुटेज पळवायच्या जे-के-एल बटणांवर पळतो. मला ते नको होतं. मालिका मिळाली तर तू घे, भाडं भर. पण आठवड्यातला एक सीन तरी सगळे टेक बघून काप. तेवढं तरी कर.

लग्नाच्या फिल्म कराव्या का, असं तू जरा लाजून विचारलंस. का लाजतोस? दोन कॅमेरे, नऊ-दहा तासांचं फुटेज, रिटेक नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा मामा मागे उभा राहून चष्मा पुसतो, ते शूट करणाऱ्यालाही माहीत नसतं. ते शोधून दे. त्या घरातलं पुढचं लग्नही तुझ्याकडे येईल.

पैशाचं भराभर सांगते, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. 13 भागांची एक मालिका केली, सगळं फोनवर ठरलेलं, शेवटच्या चार भागांचे पैसे अजून यायचे आहेत. कागद नव्हता, भांडणार कशावर? तू काम घेताना एक मेल लिही: किती मिनिटांची फिल्म, किती तासांचं फुटेज, किती वेळा बदल, किती रुपये, कधी. समोरच्याकडून 'ठीक आहे' आलं की सुरुवात कर. अर्धे आधी घे. पूर्ण पैसे येईपर्यंत वॉटरमार्क आणि टाइमकोड (चालत्या वेळेचे आकडे) छापलेली कॉपीच पाठव. टेस्ट एडिट मागितलं तर एक मिनिट, त्याहून जास्त नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत आहे, ती आजच कर. 2006च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. टीव्हीत 90 दिवस म्हणतात. तुझ्या बिलावर 45 लिही, निदान समोरचा वाचेल.

आणि बिलात फुटेज बघण्याचे दिवस वेगळे लाव. लोक म्हणतील, बघण्याचे कसले पैसे? तिथे मऊ पडू नकोस. 20 तासांचं फुटेज असेल तर बघायलाच तीन दिवस जातात, ते कामाचे दिवस आहेत. मी हे उशिरा लावायला शिकले, आणि गंमत नाही सांगत, ज्यांनी कुरकुर न करता ते दिले त्यांच्याकडेच मी पुन्हापुन्हा काम केलं.

शेवटचं. तू लिहिलं आहेस की डिप्लोमा फिल्मचं साडेअकरा तासांचं फुटेज तुझ्याकडच्या ड्राइव्हवर आहे आणि त्यातलं काही वेळेअभावी उघडलंच नव्हतं. हे वाक्य तू सहज लिहून गेलास, मी तिथे थांबले. येत्या रविवारी सकाळी नऊला ड्राइव्ह घेऊन ये. प्रोजेक्ट उघडायचा नाही, काही कापायचं नाही. न उघडलेल्या क्लिपपासून लावू. आजी शेंगा सोलताना कॅमेरा बंद व्हायच्या आधी काय म्हणत होत्या ते मला ऐकायचं आहे. जेवण इथेच आहे. खोलीतल्या मित्रांना सांगून ये, रात्री उशीर होईल.

ताई