ओव्हनचं किटण: आधी भिजवा, मग पुसा

दिवाळीच्या नानकटाईआधी ओव्हन लख्ख करायचा, म्हणून ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचे बरेच प्रश्न या वेळी एकाच विषयावर आले आहेत. त्यातले नेहमी अडणारे पाच घेतले आहेत.

प्रश्न : तीस लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) तीन वर्षं वापरते आहे. केक, पनीर टिक्का, तंदुरी चिकन सगळं त्यातच होतं. आतून तो तपकिरी-काळा झाला आहे आणि आता केकलाही मसाल्याचा वास लागतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं. फेस भरपूर आला, पण डाग जागेवरच आहेत. तारेच्या घासणीने घासू का?
(एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

तारेची घासणी अजिबात नको. तिचे बारीक तुकडे तुटून रॉडच्या टोकांशी अडकतात आणि तिथे शॉर्ट होतो. शिवाय आतल्या पत्र्यावर चरे पडले की पुढच्या वेळी तेल त्याच चऱ्यांत बसतं.

मुळात हा थर म्हणजे साधं तेल नव्हे. टिक्क्यावरचं तेल, दही आणि मसाला यांचे बारीक शिंतोडे दोनशे-सव्वादोनशे अंशांवर पुन्हा पुन्हा तापले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडावरच्या व्हार्निशसारखा कडक पापुद्रा तयार होतो. तेलाच्या किटलीच्या तोंडाशी जो चिकट राप चढतो, त्याचीच ही पुढची, भाजलेली अवस्था. साबणाने साधं तेल सुटतं, हा पापुद्रा सुटत नाही. त्याला अल्कली, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागते आणि अल्कलीला वेळ लागतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर नेमकं हेच हातचं जातं. अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि खाली उरतं जवळपास नुसतं खारं पाणी. सोडा आधी, त्याला त्याचा वेळ, आणि व्हिनेगर अगदी शेवटी, हा क्रम पाळा.

सुरुवातीला आतला पत्रा कोणता आहे ते बघा. काचेसारखा गुळगुळीत, चमकदार काळा किंवा करडा असेल तर ते इनॅमल. मंद चंदेरी असेल तर पोलादावर ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा. आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींत हा चंदेरी पत्राच असतो. इनॅमलवर सोडा रात्रभर चालतो. चंदेरी पत्र्यावर तीन-चार तासांच्या वर ठेवू नका, हवं तर दोन दिवसांनी पुन्हा लावा. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक (फार तीव्र अल्कली) असलेला ओव्हन क्लीनर या पत्र्याला लावायचाच नाही. तो मुलामा खातो, आणि उघड्या पडलेल्या पोलादाला आपल्या पावसाळ्यात गंज चढायला वेळ लागत नाही.

आता कृती. प्लग काढा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. जाळ्या, ट्रे आणि सगळ्यात खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर घ्या. सुटा, जळका चुरा कोरड्या ब्रशने झाडा. हे न करता ओलं फडकं फिरवलं तर काळा चिखल होतो आणि तो कोपऱ्यात जाऊन बसतो. अर्धी वाटी खाण्याच्या सोड्यात तीन-चार चमचे पाणी घालून इडलीच्या पिठापेक्षा थोडी घट्ट पेस्ट करा. भिंती, तळ आणि दाराच्या काचेची आतली बाजू यांवर रुपयाच्या नाण्याइतका जाड थर द्या. रॉड, रॉडची टोकं, तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटची बारीक नळी आणि पंख्याची जाळी यांना पेस्ट लागता कामा नये. छतावर पेस्ट टिकत नाही. तिथे पेस्ट लावलेलं सुती फडकं रॉडच्या मागून सरकवून दाबून ठेवा.

पेस्ट ओली राहते तोवरच काम करते. मे महिन्यात ती दीड-दोन तासांत वाळून पांढरी पडते, तेव्हा स्प्रेने हलकं पाणी मारा. थर फुगून पेस्ट तपकिरी दिसू लागली की तो सुटू लागला आहे असं समजा. मग जुनं एटीएम कार्ड किंवा लाकडी उलथणं तिरकं धरून खरवडा. नारळाच्या काथ्याचा ओला तुकडाही कोपऱ्यांत छान काम करतो. ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसल्यावर जो पांढरा धुरळा उरतो, त्याच्यासाठी व्हिनेगर: एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी, फडक्यावर घेऊन पुसा. घोडबंदर रोडवर जिथे टँकरचं जड पाणी येतं, तिथे काचेवर नंतर पांढरे ठिपके उठतात. तेही याच फडक्याने जातात.

जाळ्या मोरीत किंवा ड्राय बाल्कनीत टबात घाला. पाच लिटर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, दोन तास. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमचे ट्रे या पाण्यात घालू नका, काळे पडतील. नॉनस्टिक ट्रेला साधा भांड्यांचा साबण पुरे.

केकला लागणारा वास बहुधा छतावरच्या आणि रॉडवरच्या थराचा असतो. रॉडना काहीही लावायचं नाही, त्यांना उष्णतेनेच साफ करायचं. बाकी ओव्हन पुसून पूर्ण वाळला की रिकामाच २३० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं चालवा. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. नॉनस्टिक ट्रे आत राहू देऊ नका, आणि घरात लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावा. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. थर न काढताच ओव्हन असा तापवला, तर धूर होतोच आणि उरलेला थर अधिक कडक होतो.

प्रश्न : ओव्हन धुतल्यापासून तो लावला की घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. दुसऱ्या खोलीत, अर्थिंग नसलेल्या जुन्या प्लगवर मात्र चालतो. मग बिघाड ओव्हनमध्ये की वायरिंगमध्ये?
(एक वाचक, नेरूळ)

बिघाड ओव्हनमध्येच आहे, आणि त्या जुन्या प्लगवर तो चालवणं आजपासून बंद करा. तिथे तो चालतो कारण गळणाऱ्या विजेला जायला वाटच नाही. ती वीज ओव्हनच्या पत्र्यावर थांबलेली असते, ओल्या हाताची वाट बघत.

रॉडच्या धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली असते. ही पावडर वीज अडवते, पण ओलावा शोषून घेते. रॉडच्या टोकांशी पाणी गेलं, किंवा पावसाळ्यात तीन महिने ओव्हन नुसता पडून राहिला, की पावडर दमट होऊन वीज थोडी थोडी नळीत गळते. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलीॲम्पिअरच्या गळतीला पडतो, त्यामुळे गळती थोडी असली तरी त्याला कळते. तो त्याचं काम चोख करतो आहे.

प्लग काढून, दार उघडं ठेवून ओव्हन दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. मग अर्थिंग असलेल्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर लावा. ईएलसीबी टिकला तर १०० अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून, अर्धा तास चालवा म्हणजे उरलेला ओलावा निघून जाईल. पुन्हा पडला तर मात्र थांबा. मेकॅनिककडून प्रत्येक रॉडची गळती मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. बहुतेक वेळा एकच रॉड बदलावा लागतो. कुणी अर्थची पिन काढून चालवा असं सांगितलं, तर त्या माणसाच्या हाती ओव्हन देऊ नका.

पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं ओव्हन १५० अंशांवर चालवा आणि साफ करताना त्याच्यात पाणी कधीही ओतू नका. पिळलेलं फडकं हीच मर्यादा.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये आमटी गरम करताना उजव्या भिंतीशी ठिणग्या उडाल्या. आत फक्त काचेचं भांडं होतं. मायक्रोवेव्ह गेला का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

बहुधा नाही. उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक करडा चौकोन आहे, तो बघा. तो अभ्रकाचा पत्रा. लहरी आत येण्याच्या वाटेवर तो बसवलेला असतो. आमटी-रश्श्याचे शिंतोडे त्याच्यावर बसून जळले की त्यांचा कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते, आणि ठिणगी पडते.

प्लग काढा. पत्रा एका स्क्रूवर किंवा दोन खाचांत बसवलेला असतो, सांभाळून काढा. नुसता तेलकट असेल तर साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवून परत लावा. काळा पडून भोक पडलं असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर नवा घ्या. असे पत्रे सुटे मिळतात. जुना वर ठेवून पेन्सिलीने आखायचं आणि कात्रीने कापायचं. पत्र्याशिवाय मायक्रोवेव्ह चालवायचा नाही. अभ्रकामागच्या भिंतीचा रंग जळून धातू उघडा पडला असेल, तर मायक्रोवेव्ह तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय वापरू नका. बाहेरचं कव्हर घरी उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठलेली राहू शकते.

आतल्या बाजूसाठी सोड्याची गरज नाही. काचेच्या वाडग्यात पाऊण कप पाणी, अर्धं लिंबू पिळून सालासकट, आणि त्यात एक लाकडी चमचा. चमचा नसेल तर पाणी न उकळताच उकळबिंदूच्या वर तापू शकतं आणि हलवताच अंगावर उसळू शकतं. चार मिनिटं पूर्ण पॉवरवर ठेवा, मग पाच मिनिटं दार उघडू नका. वाफेने सगळं मऊ पडतं, साध्या फडक्याने निघतं.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये कॅबिनेटमध्ये बसवलेला ओव्हन मिळाला. दाराच्या दोन काचांच्या मध्ये तेलाचे ओघळ उतरले आहेत. आत हात जात नाही. कॉस्टिकचा स्प्रे फटीतून मारू का?
(एक वाचक, ऐरोली)

स्प्रे नको. तो खाली साचतो, पुसता येत नाही, आणि ओव्हन तापला की त्याची वाफ डोळ्यांत जाते. दार निघतं. ते पूर्ण उघडा, दोन्ही बिजागऱ्यांवरच्या छोट्या कड्या पुढे उलटवा, दार निम्म्यावर आणा आणि दोन्ही हातांनी वर उचला. दोन्ही कड्या नीट लागल्याची खात्री करा. बिजागरीची स्प्रिंग जोरदार असते, कडी सुटली तर ती बोटावर मिटते. दार सतरंजीवर, काच वर करून ठेवा. वरची पट्टी दोन स्क्रूंची किंवा दाबून निघणारी असते. काच ओढून घेताना कोणती बाजू आत होती, ते चिकटपट्टीने खुणावा. उलटी बसवली तर तिची उष्णता अडवणारी बाजू चुकते आणि बाहेरची काच तापते. ओघळांवर सोड्याची पेस्ट अर्धा तास ठेवली की पुरते.

आतल्या बाजूच्या भिंती खरखरीत, सँडपेपरसारख्या लागत असतील तर त्या कॅटॅलिटिक, म्हणजे तापल्यावर तेल जाळणाऱ्या सच्छिद्र मुलाम्याच्या, आहेत. त्यांना सोडा, साबण, स्प्रे काहीही लावू नका, छिद्रं बुजतात. रिकामा ओव्हन २२० ते २५० अंशांवर तासभर चालवला की त्या आपलं तेल आपणच जाळतात.

इनॅमलवर कॉस्टिक वापरायचंच असेल तर रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघडून, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच. त्याच दिवशी ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर जवळ आणू नका. कातडीवर उडालं तर वाहत्या नळाखाली किमान पंधरा मिनिटं धरा.

प्रश्न : आईचा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन सोड्याने धुतला आणि तो काळा ठिक्कर पडला. पूर्ववत होईल का?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

होईल. अल्कलीने ॲल्युमिनियमचा वरचा थर खाल्ला आणि त्यावर काळपट थर चढला. इथे आम्ल उपयोगी पडतं. लिंबाएवढी चिंच अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, कोमट असतानाच मऊ फडक्याने झाकण आणि भांडं चोळा, लगेच धुऊन पुसा. दोन-तीनदा करावं लागेल. नव्यासारखी चकाकी येणार नाही, पण काळेपणा उतरेल. चिंचेने तेलाचा थर मात्र निघत नाही, त्याला भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्यात तासभर भिजवणं.

खालचा विजेचा भाग वेगळा होत असेल तर तो पाण्याजवळ नेऊ नका. काही जुन्या ओव्हनमध्ये कॉइल चिनी मातीच्या खाचांत उघडी बसवलेली असते. प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने खाचांतला चुरा झाडायचा, आणि कॉइल ओढली जाणार नाही इतक्याच हलक्या हाताने.