निवृत्तीसाठी सोनं: चोख वेढणी घ्यावीत की गोल्ड ईटीएफ?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईत राहता, निवृत्तीला दहा वर्षं आहेत, 10 लाख सोन्यात ठेवायचे आहेत. झवेरी बाजारातून वेढणी (शुद्ध सोन्याच्या साध्या अंगठ्या) घेऊन लॉकरमध्ये ठेवावीत की ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारी सोन्याच्या फंडाची युनिट, घ्यावा? माझं मत ईटीएफ, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही.

ईटीएफ स्वस्त पडतो असं सर्रास सांगतात. हिशोब करून बघा. एक लाखाच्या सोन्यावर 2% घडणावळ आणि वर 3% जीएसटी धरला तर बिल होतं 1,05,060 रुपये. मोडताना सराफाने 2% घट कापली, की भाव सात टक्क्यांहून थोडा जास्त वाढेपर्यंत तुम्ही तोट्यात. ईटीएफच्या युनिटवर घडणावळ नाही, जीएसटी नाही, पण फंड दरवर्षी खर्च कापतो. तो 0.5% असेल तर पंधरा वर्षांत तिथेही सातच टक्के जातात. 0.8% असेल तर अकरा. म्हणून फंडाच्या नावाआधी त्याचं खर्चाचं प्रमाण बघा.

फरक पडतो तो लॉकरमुळे. भाडं, त्यावर 18% जीएसटी, आणि चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी फक्त वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं 2,000 असेल तर जास्तीत जास्त 2 लाख, आत सोनं कितीही असो. पूर, भूकंप यांत तेवढीही नाही.

दुसरी अडचण सत्तरीत कळते. औषधपाण्यासाठी 40 हजार हवे आहेत आणि हातात 10 ग्रॅमचं वेढणं आहे. ते अर्धं मोडून कोण देणार? बँकेतून घेतलेलं नाणं तीच बँक परत घेत नाही. सराफाकडे पावती नसेल, पाकिटाचं सील फाटलेलं असेल तर घासाघीस आलीच. ईटीएफचं युनिट बहुतेक फंडांत साधारण 0.01 ग्रॅमचं असतं. लागतील तेवढी आज विका, व्यवहारानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात.

खरेदी-विक्री करताना मार्केट ऑर्डर, म्हणजे बाजारात मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकू नका. भाव उसळतो त्या दिवशी ईटीएफ मूळ किमतीपेक्षा बराच महाग विकला जातो. फंडाच्या संकेतस्थळावरचं चालू मूल्य बघून लिमिट ऑर्डर, म्हणजे भाव तुम्हीच ठरवलेली ऑर्डर, द्या. उलाढाल कमी असलेला ईटीएफ टाळा, नाहीतर विकताना गिऱ्हाईकच नसतं. नफ्यावरच्या दीर्घ मुदतीच्या कराचा दर दोन्हींना तोच, 12.5%, पण हा दर ईटीएफला 12 महिन्यांनंतर लागतो आणि प्रत्यक्ष सोन्याला 24 महिन्यांनंतर.

सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी सुवर्ण रोखे 2.5% व्याज द्यायचे, ते या दोन्हींपेक्षा सरस होते. फेब्रुवारी 2024 नंतर नवी मालिका आली नाही. शेअर बाजारात जुने मिळतात, पण मुदत संपताना मिळणाऱ्या करमाफीच्या आशेने चढा भाव देऊ नका. ती सवलत दुसऱ्याकडून घेतलेल्या रोख्यांना लागू आहे का, ते आधी सीएकडून पक्कं करा. ॲपवरचं डिजिटल गोल्ड मात्र नकोच, ते शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमनाखाली येत नाही.

एका बाबतीत दागिने वरचढ आहेत: रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठावं लागलं तर सकाळी गहाण ठेवून कर्ज मिळतं. ईटीएफची युनिट किंवा बिस्किटं सोनेतारण कर्जासाठी चालत नाहीत. घरात हॉलमार्कचे दागिने असतील तर ते या कामासाठी राहू द्या, नवे घेऊ नका.

आणि 10 लाख हे एकूण पुंजीच्या किती आहेत? 2012 साली 10 ग्रॅमचा भाव 31 हजारांच्या आसपास होता, 2018 मध्येही तितकाच. सहा वर्षं ना व्याज, ना वाढ. महिन्याचा खर्च ज्यातून चालवायचा ते पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, तिथे 30 लाखांपर्यंत मर्यादा आहे. सोनं एकूण पुंजीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नेऊ नका.

ईटीएफसाठी लागणारं डीमॅट खातं उघडताना पत्नीला फक्त नॉमिनी न ठेवता दुसरी खातेदार करा, आणि खात्याची माहिती तिच्याकडे लिहून ठेवा.