कॉम्प्रेसर बदलण्याआधी जाड पाइपला हात लावून बघा

ताई, गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलायला एवढ्यात होकार देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून: गाडी सात वर्षांची, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलची, म्हणजे तापमानाचा आकडा लावला की बाकी ती सांभाळते. सकाळी सोलापुरातून निघाल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं मस्त गार हवा येते, मग आकडा २२ वर असूनही कोमट, आणि दुपारी परतताना सरळ गरम. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून थोडा वेळ टकटक ऐकू येतं. दोनदा गॅस भरला. दुसऱ्यांदा भरला त्याच दिवशी बॅटरी बदलली आणि चार दिवस एसी ठीक चालला. आता गॅरेजवाले कॉम्प्रेसर गेला म्हणतात, खर्च ३२ हजार.

मला यात कॉम्प्रेसर दिसत नाही. मला मिक्सिंगचा फ्लॅप दिसतो.

एसीची तक्रार आली की आधी एकच गोष्ट ठरवायची: गारवा तयारच होत नाहीये, की तयार होऊन तुमच्यापर्यंत पोचत नाहीये? गॅस, तो दाबणारा कॉम्प्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, त्याचा फॅन ही सगळी मंडळी पहिल्या प्रश्नातली. दुसरा प्रश्न डॅशबोर्डच्या आतला. तिथे कूलिंग कॉइलच्या जवळच हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्यातून इंजिनाचं गरम पाणी कायम फिरत असतं, भर मे महिन्यातसुद्धा. कॉइलवरून आलेली गार हवा त्या हीटरवरून किती जाऊ द्यायची हे एक फ्लॅप ठरवतो, आणि त्या फ्लॅपला एक छोटी मोटर फिरवते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. तुम्ही २२ चा आकडा लावता तेव्हा हीच मोटर फ्लॅप थोडा इकडे, थोडा तिकडे करत असते.

आता तुमची लक्षणं यावर ठेवून बघा. सकाळी इंजिन थंड, म्हणून हीटरही थंड. फ्लॅप हीटरच्या बाजूने उघडा अडकलेला असला तरी हवा गारच लागणार. दहा-बारा मिनिटांत पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि गारवा पळतो. दुपारी इंजिन आधीच तापलेलं. बॅटरी काढून लावल्यावर बऱ्याच गाड्यांत ॲक्च्युएटर आपली दोन्ही टोकं नव्याने शोधतो. त्यात फ्लॅप नशिबाने बंद जागी जाऊन बसला असेल, आणि श्रेय मिळालं गॅसला. टकटक म्हणजे बहुधा दात तुटलेला गिअर जागच्या जागी घसरतोय.

माझ्या आधीच्या गाडीत अगदी हेच झालं होतं. एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी कॉम्प्रेसर बदलला, पैसे गेले आणि गरम हवा तशीच राहिली. शेवटी सापडला तो नायलॉनचा पांढरा गिअर, अंगठ्याच्या नखाएवढा, शेजारशेजारचे दोन दात उडालेला. म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

तपासणी अशी करा. गाडी चांगली अर्धा तास चालवून आणा, इंजिन चालू, एसी सगळ्यात कमी तापमानावर, ब्लोअर जोरात. गरम हवा येत असतानाच बॉनेट उघडा. ओढणी, बांगड्या, सैल बाही आधी आवरा. फॅन कधीही सुरू होतो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे दोन पाइप शिरताना दिसतील. बारीक पाइप सोडा, तो तापलेला असू शकतो. जाड पाइपला हात लावा. माठासारखा गार लागला, घाम सुटलेला दिसला, तर गारवा तयार होतोय आणि कॉम्प्रेसर आपलं काम करतोय. त्याच क्षणी आत गरम हवा येत असेल तर प्रश्न फ्लॅपचाच.

मग ग्लोव्ह बॉक्स उतरवा. बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. आतमध्ये काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी दिसेल, वायरचा एक कनेक्टर आणि दोन-तीन स्क्रू असलेली. काही गाड्यांत ती ड्रायव्हरच्या पायाकडे असते. कुणाला तरी तापमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि डबीला बोट लावून ठेवा. मोटर गुरगुरते पण दांडा हलत नाही, किंवा टकटक बोटाला जाणवते, तर ती काढा आणि फ्लॅपचा दांडा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर फक्त ॲक्च्युएटर बदलायचा. फ्लॅपच अडकला असेल तर मात्र डॅशबोर्ड खोलावा लागेल, ते काम घरी करू नका. नवा ॲक्च्युएटर बसवल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे त्याला त्याची दोन्ही टोकं शिकवा, नाहीतर नवा भागही चुकीच्या जागी थांबतो. काही गाड्या ते इग्निशन चालू केल्यावर आपोआप करतात, काहींना स्कॅनर लागतो.

गॅसबद्दल मात्र मला काळजी वाटते. एसी ही बंद यंत्रणा आहे, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर गळती आहे. दोनदा भरला तेव्हा गळती शोधली का? जुना गॅस काढून वजन करून भरला का? बॉनेटखाली स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. नुसत्या गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या, आकड्यावर भरला असेल तर जास्तही झालेला असू शकतो, आणि जादा गॅसने चांगल्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. मशीनवर गॅस काढून वजन करायला सांगा, व्हॅक्यूम अर्धा तास तरी, मग स्टिकरइतकाच भरा. हवेत सोडू देऊ नका.

पाइप कोमट निघाला तर माझा अंदाज चुकला. तेव्हा दोन्ही बाजूंचे गेज लावायला सांगा. चालू असताना कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली, दोन्ही काटे एकमेकांकडे आलेले दिसले, तरच कॉम्प्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे.

आणखी एक, फुकटातलं. काचेजवळ डॅशबोर्डवर छोटा काळा घुमट असतो, तो उन्हाचा सेन्सर. त्यावर गणपतीची मूर्ती किंवा मॅट आली असेल तर सरकवा. ऊन किती आहे हे यंत्रणेला कळतच नाही आणि ती गारवा कमी देते. स्टीअरिंगजवळच्या छोट्या जाळीमागे केबिनच्या तापमानाचा सेन्सर असतो, तिथली धूळ मऊ ब्रशने काढा. जाड पाइप कसा लागला ते इथेच कळवा, गाडीचं मॉडेलही लिहा, म्हणजे डबी कुठल्या बाजूला ते सांगता येईल.