बेळगावजवळ गर्दी नसलेले, वाट नसलेले कोरडे डोंगर आहेत का? तिथं कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की बदलीवर बेळगावला आलाय, राजहंसगड झाला, वैजनाथ झाला, रविवारी दोन्हीकडं रीलवाल्यांची जत्रा, आणि आता कुणी जात नाही असा वाळवंटासारखा डोंगर पाहिजे. वाळवंट काय आमच्याकडं नाही ओ, पण कोरडं पाहिजे असेल तर तुम्ही उलट्या दिशेला बघताय. बेळगावात कुणालाही विचारा डोंगर कुठं, तो पश्चिमेला हात करणार, खानापूर, जांबोटी, चोर्ला, कणकुंबी. सगळं हिरवं, सगळं जळवांचं. गाडी एकदा पूर्वेला वळवा की, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग. तीच मलप्रभा जी कणकुंबीला धो धो पावसात उगम पावते ती सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला उघड्या बोडक्या दगडाचा डोंगर चिरून जाते, तिथंच धरण बांधलंय. पाऊस तिकडं वर्षाला साधारण 500-600 मिलिमीटर, म्हणजे खानापूरवाल्यांच्या जुलैतल्या एका आठवड्याची चेष्टा.

सौंदत्तीला यल्लम्माला लाखो लोक जातात, आमच्या घरातले पण मार्गशीर्षात पुनवेला जाऊन भंडारा लावून येतात, पण त्या डोंगररांगेच्या पुढच्या सोंडांवर कोण चढतंय? कुणी नाही. पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत काही ठिकाणी, ते सोडले की तुम्ही आणि मेंढरं. उंचीच्या आकड्यावर जाऊ नका, पायथ्यापासून 150-200 मीटर चढ म्हणजे सह्याद्रीतले ट्रेकर हसतील. हसू देत. तिथं शिडी नाही, बाण नाही, वाट नाही, मजा त्यात आहे आणि लफडंही त्यातच.

लफडं दगडाचं आहे. आपला राजहंसगडाकडचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. गोकाक-सौंदत्तीकडचा दगड त्याच्यापेक्षा कितीतरी जुना, वाळूचा, आडव्या थरांचा, तांबूस, भूगर्भवाले त्याला कलादगी म्हणतात, बागलकोट जिल्ह्यातल्या गावावरून. कुठं कुठं दगडावर पाण्याच्या लाटांचे वळ अजून तसेच दिसतात, पहिल्यांदा बघितलो तेव्हा वाटलं कुणी कोरलंय. तर हा दगड फुटतो सरळ. खाली घसरडे धोंडे आणि काटे, वर एकदम भिंत, आणि भिंतीच्या वर टेबलासारखं सपाट. गोकाकचा धबधबा बघितलाय ना, घटप्रभा अशाच कड्यावरून 52 मीटर खाली पडते. प्रत्येक डोंगराला छोटा का होईना असा कडा असतोच, आणि त्याला मोजून दोन-तीन ठिकाणी फट असते. ती फट सापडली तर डोंगर झाला, नाही सापडली तर दिवसभर खालून गोल फिरा.

माझं ऐका. चढायची फट खालून दिसते, पण उतरताना वरून ती दिसत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच-सहा वर्षं झाली, जानेवारीत मी आणि माझा शहापूरचा दोस्त गोकाकजवळच्या गोडचिनमलकीच्या बाजूच्या एका डोंगरावर गेलतो, नाव गावकऱ्यांचं वेगळं आणि नकाशात काहीच नाही. चढलो दीड तासात, वर सपाट माळ, भाकरी-चटणी खाल्ली, जरा लवंडलो, तीन वाजता उठून निघालो तर कडेला आल्यावर सगळी कड सारखीच! आलतो ती फट कुठली तेच कळेना. ह्या झुडपाकडून आलो म्हणतोय मी, तो म्हणतोय त्या झुडपाकडून, आणि झुडपं सगळी एकाच आईची. शेवटी पाच वाजता कंटाळून एका घळीत उतरलो, पहिला टप्पा सहा-सात फुटांचा, बसून घसरलो, दुसरापण तसाच, आणि तिसऱ्याला खाली बघितलो तर 25-30 फूट सरळ. पावसाळ्यात पाणी पडायची जागा ती. वर जावं तर घसरून आलेला दगड गुळगुळीत, हाताला काही लागेना. त्या वेळी खाली लांबवर मेंढरं दिसली आणि मागनं एक म्हातारा काठी उंच करून बोंब मारालाय, "म्याल होग्री, म्याल!" वर जा म्हणतोय. दोस्ताच्या खांद्यावर पाय देऊन मी वर, मग त्याला पट्ट्यानं ओढून घेतलं, पँट कशी धरली विचारू नका. म्हातारा खालून कड्याच्या कडेकडेनं चालत राहिला आणि आम्ही वरून त्याच्या काठीकडं बघत, असं करत त्यानं आम्हाला फटीवर आणून सोडलं. खाली पोचलो तेव्हा अंधार.

त्यानंच सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलंय. शेळी कुठनंही चढते, तिच्या मागं जाऊ नका. मेंढरू जिथनं चढतंय तिथनं माणूस जातो. आणि ओळखायचं कसं, तर काट्यांना लोकर अडकलेली असते. तेव्हापासून मी नकाशा सोडून बोरीच्या काट्यावर पांढरा पुंजका दिसतोय काय ते आधी बघतो, अजून तरी फसलो नाही.

नकाशा पण घ्या, तसं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात, पण त्यात उंचीच्या रेषा 20 मीटरवर असतात, म्हणजे 15 मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे आरामात लपतो. म्हणून सॅटेलाइट फोटो बघायचा, कड्याची सावली काळ्या रेघेसारखी पडलेली असते, रेघ जिथं तुटते तिथं फट असण्याचा चान्स. मोबाइलमध्ये नकाशा डाउनलोड करून ठेवा, आणि चढून वर पोचला की लगेच मागं वळून फोटो काढा, जीपीएसवर खूण करा, चार दगड एकावर एक ठेवा. उतरताना ते पाडून या, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं कुणीतरी नारळ फोडलेला असेल, खोटं नाही सांगत. आणि वर चढताना सोंडा सगळ्या शेंड्याकडंच जातात, उतरताना त्याच बोटांसारख्या फाकतात, एक बोट चुकलं तर चार किलोमीटर पलीकडच्या गावात उतरता.

बाकीचं पटकन. नोव्हेंबर ते जानेवारीअखेर जावा, फेब्रुवारीनंतर दगड तापतो. ऑक्टोबरनंतर कुसळं असतात, मोजे घालून गेला तर मोजे टाकून द्यावे लागतात, मी जुन्या जीन्सचे पाय कापून पोटरीला बांधतो, हसतात लोक. पाणी माणशी चार लिटर, वर थेंब मिळत नाही. बुटाचा तळ जाड पाहिजे, वेड्या बाभळीचा काटा स्लीपरमधून आरपार येतो. फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, आणि चावलंच तर मांत्रिक नको, चीर द्यायची नाही, 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना. सापापेक्षा मी आग्या मोहोळाला भितो, कड्याला काळे पोळे लटकलेले दिसले की तिकडनं जायचंच नाही, सेंट मारून जाऊ नका, सिगरेट तर नकोच. आणि धनगराची कुत्री! लांबूनच "अण्णा" म्हणून हाक मारा, तो बोलावतो त्यांना.

कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका. "दारी एल्लैतरी अण्णा?" म्हणजे वाट कुठाय, "नीर ऐतेनरी?" म्हणजे पाणी आहे काय, एवढं पुरतं. चौकात कुठली पाटी कुठल्या भाषेत त्यावरून काय व्हायचं ते होऊ दे, डोंगरावर पाणी मागितलं की पहिला त्याची बाटली पुढं करतो आणि मग विचारतो कुठले म्हणून. काही डोंगर राखीव जंगलात येतात, तिथं गावात फॉरेस्टवाल्याला विचारून मगच चढा, आणि खाण दिसली तर लांबूनच, सुरुंग कधी लावतील नेम नसतो.

पहिल्यांदा जाणार असाल तर सौंदत्तीच्या दक्षिणेला पारसगड किल्ल्यापासून सुरू करा, तिथं निदान किल्ला आहे म्हणून लोक ओळखतात, दगड कसा आहे ते पायाला कळेल. मग गोकाककडं या. गाडी नसली तरी चालतं, मिरज लाइनला पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा अशी स्टेशनं आहेत, पॅसेंजरनं उतरून चालत सुटायचं. एकटे जाऊ नका आणि घरी गावाचं नाव सांगून जा. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गोकाकचा करदंट, डिंक-गूळ-सुकामेवा, एक वडी खाल्ली की दोन तास भूक नाही, त्या प्रोटीन बारच्या नादाला लागू नका. फक्त करदंट आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, पहाटेला दुकानं बंद असतात.