पशुवैद्यकाची पदवी आणि अल्बर्टातला वेताचा हंगाम

तुम्ही विचारलंत की पशुवैद्यकाची पदवी आहे, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका रँचवर (गाईंच्या मोठ्या कुरणावर) गाई विण्याच्या, म्हणजे वेताच्या हंगामासाठी काम मिळतंय, तर काय शिकून जावं, आणि एकटेपणाचं काय? व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती सोडतो.

आधी पदवीचं, कारण तेच मला अजून सलतं. आपली पदवी तिथे थेट चालत नाही. कागदपत्रांची पडताळणी, मग बीसीएसई ही मूलभूत ज्ञानाची परीक्षा, मग नॅव्हले ही परवान्याची परीक्षा, मग प्रत्यक्ष हातकामाच्या चाचण्या, एवढं पार पडल्यावर परवाना. तोवर तुम्ही रँचवरचे कामगार. १ डिसेंबर २०१८ पासून कॅनडात जनावरांची महत्त्वाची प्रतिजैविकं परवानाधारक पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि तुमची चिठ्ठी चालत नाही. वासराला काय झालंय ते तुम्हाला कळतं, तुम्हाला कळतं हे मालकालाही ठाऊक असतं, तरी दोघं मिळून त्या परवानाधारकाच्या फोनची वाट बघता. याची सवय होते असं कुणी सांगितलं तर मान डोलवा, विश्वास ठेवू नका.

आता काम. दावणीची गाय डोक्यातून काढून टाका. इथे शेकडो गाई उघड्यावर असतात, माणसाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या कालवडी बऱ्याच ठिकाणी मुद्दाम दोन-तीन आठवडे आधी गाभण करवतात, त्यामुळे हंगाम उघडतो तोच अवघड बाळंतपणांनी. त्यांच्यात दर दोन-तीन तासांनी फेरी, रात्रीसुद्धा. चारा संध्याकाळी उशिरा टाकला तर जास्त गाई दिवसा वितात. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातल्या कोनेफाल नावाच्या पशुपालकावरून या पद्धतीला नाव पडलंय. मालक सकाळी चारा टाकत असेल तर पहिल्याच आठवड्यात हा विषय काढा, झोप तुमची आहे.

पदवीने हात घालायला शिकवलं. कधी घालायचा नाही, ते घड्याळाकडून शिकावं लागतं. शेपटी वर करून, कळपापासून बाजूला होऊन गाय अस्वस्थ फिरते, तो काळ दोन ते सहा तासांचा, पहिलारूत त्याहून जास्तही. तेव्हा लांब राहा, गर्दी केली तर कळा थांबतात. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली की वेळ लिहा. त्यानंतर जुन्या गाईत अर्धा तास आणि पहिलारूत एक तास काहीच पुढे सरकलं नाही, तर खोड्यात (गाय जखडून धरायच्या चौकटीत) घेऊन तपासायचं. दोन खूर आणि त्यांवर नाक, तळवे खाली, तर सगळं सरळ. तळवे वर असतील तर बहुधा वासरू पायाळू, म्हणजे मागचे पाय आधी येणारं आहे, पण नुसत्या तळव्यांवर भरवसा नको, सांधे चाचपा. खुरापासूनचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचे पाय, उलट दिशांना वाकले तर मागचे.

वासरू ओढायच्या साखळीचा पहिला फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, दुसरा अर्धा वेढा त्या सांध्याखाली. एकाच फासाने ओढलं की हाड मोडतं. वंगण भरपूर, आणि कळ येईल तेव्हाच ओढ. आधी एक पाय, मग दुसरा, म्हणजे खांदे एकामागून एक सुटतात. छाती बाहेर आली की वासराला पाव वळसा द्या आणि ओढ खाली, गाईच्या खुरांकडे वळवा, नाहीतर कमरेचा भाग अडकतो. पायाळू वासराचे पुठ्ठे बाहेर आले की मात्र थांबायचं नाही, कारण नाळ दबलेली असते आणि डोकं अजून आत. ओढायच्या जॅकमध्ये माणसाच्या कितीतरी पट जोर असतो. अडलेलं वासरू जॅकने निघत नाही, फाटते ती गाय. डोकं मागे वळलंय आणि हाताला लागत नाही, किंवा वीस मिनिटं झटूनही काही हललं नाही, तर परवानाधारकाला बोलवा. सिझेरियन त्याचं. बघत उभं राहायचं. (हो, हे शिकून या म्हणून शिकता येत नाही.)

वासरू उलटं टांगायची जुनी सवय सोडा, पोटातली घाण नाकात उतरते आणि छातीवर दाब पडतो. छातीवर बसतं करा, नाकपुडीत पेंढ्याची काडी घाला, खरखरीत टॉवेलने चोळा. मग चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध. आतड्यातून चिकातली प्रतिकारशक्ती शोषली जाण्याचं दार तासागणिक मिटत जातं, चोवीस तासांत जवळपास बंद. ४० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन लिटर, बारा तासांच्या आत आणखी दोन. नळीने पाजताना मानेत दोन नळ्या हाताला लागल्या पाहिजेत, एक श्वासाची आणि एक तुमची. एकच लागली तर ओतू नका. गोठवलेला चीक कोमट पाण्यात वितळवा, उकळत्या पाण्याने सगळं वाया.

उणे २५ च्या रात्री ओलं वासरू मिनिटांत गारठतं, कानांची टोकं तर जातातच. त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड थंड आणि बोट चोखत नसेल तर थर्मामीटर लावा. नेहमीचं ३८.५ अंश, ३५ च्या खाली गेलं तर साधारण ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात बुडवून, पूर्ण कोरडं करून, मग गरम पेटीत. पेटीला हवेची वाट हवी.

हगवणीवर औषधापेक्षा जागा बदलणं भारी. अमेरिकेतल्या नेब्रास्कात सँडहिल्स पद्धत निघाली, तिचं मर्म एवढंच: व्यायलेल्या गाई वासरांसह तिथेच ठेवायच्या आणि न व्यायलेल्या दर आठवड्याला स्वच्छ कुरणात पुढे न्यायच्या. क्रिप्टो (हगवण लावणारा एक परजीवी) माणसालाही होतो, हात धुतल्याशिवाय जेवू नका.

मेलेल्या वासराचं कातडं पोरक्या वासराच्या अंगावर बांधून त्याला दुसऱ्या गाईला लावायचंही काम येईल. कातडं दोन-तीन दिवसांत उतरवायचं, सडायच्या आत. गाय फसते. बघणाऱ्याला ते जड जातं, कशामुळे ते सांगत बसत नाही.

व्यायलेल्या गाईच्या आणि वासराच्या मध्ये कधीच उभे राहू नका. कानात ओळखीचा बिल्ला मारताना वासरू ओरडलं की ती येते. आपण आणि ती यांच्यामध्ये गाडी किंवा कुंपण ठेवून काम करा. बिल्ला आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारा असतो आणि जनावराने रँच सोडण्याआधी तो कानात असणं सक्तीचं आहे.

एकटेपणा? हंगामात दर तीन तासांनी उठणाऱ्याला तो शिवत नाही. जूनमध्ये शिवतो. पुढे.

होकार देण्याआधी मालकाला विचारा: पहिलारू किती? रात्रीचा दुसरा माणूस कोण? वळूंची निवड सोप्या वेतासाठी केली आहे का? अल्बर्टात शेतीकामगारांना ओव्हरटाइमचा नियम लागू नाही, म्हणून रात्रीच्या फेऱ्यांचं काय देणार ते कागदावर घ्या, बोलीवर नको. परवानाधारक डॉक्टर किती किलोमीटरवर, आणि विण्याच्या कुरणात फोनला रेंज आहे का? हे शेवटचं मीही विचारायला हवं होतं.