लायसेन्सिंग परीक्षेसाठी सिनियरच्या नोट्स किती वेळा वाचाव्यात?

तुम्ही विचारलंय की डॉक्टरकीच्या लायसेन्सिंग परीक्षेला नऊ आठवडे उरलेत, सिनियरच्या नोट्स हाताशी आहेत, तर बेसिक सायन्सेसच्या किती रिव्हिजन व्हायला हव्यात आणि सुरुवात कुठल्या विषयापासून करावी. 'किती रिव्हिजन' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. मी सहा केल्या होत्या आणि नापास झाले होते.

नोट्स माझ्या ताईच्या. ती माझ्याआधी चार वर्षं डॉक्टर झाली, लायसेन्सिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. पाच जाड वह्या: एन्झाइम लाल पेनाने, औषधं निळ्याने, साइड इफेक्ट हिरव्याने आणि जे हमखास विचारतात त्यावर पिवळा हायलायटर. त्या मी इतक्यांदा वाचल्या की डोळे मिटले तरी पान समोर यायचं. व्हिटॅमिन के लागणारे क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठण्यातली प्रथिनं) म्हटलं की डावं पान, खालचा कोपरा, लाल चौकट: २, ७, ९, १०, प्रोटीन सी, प्रोटीन एस.

पेपरमध्ये प्रश्न साधारण असा होता. एका बाईला वॉरफरिन (व्हिटॅमिन के अडवून रक्त पातळ ठेवणारं औषध) सुरू करून तीन दिवस झालेत, मांडीवर एक चट्टा आलाय, खूप दुखतोय आणि काळा पडत चाललाय. कशाच्या कमतरतेमुळे? पर्यायांत फॅक्टर ७ होता आणि प्रोटीन सीसुद्धा. मला ते पान दिसलं, चौकट दिसली, सातच्या खाली ताईने दोन रेघा ओढून लिहिलेलं 'सर्वांत कमी हाफ-लाइफ' दिसलं, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सगळ्यात कमी वेळ. मी फॅक्टर ७ निवडला आणि पूर्ण खात्रीने पुढच्या प्रश्नाकडे वळले.

उत्तर प्रोटीन सी, ते गोठण्याला आवर घालतं. फॅक्टर ७ कमी झाला तर रक्तस्राव होईल, आणि इथे तर त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या होत्या. एवढा साधा विचार मी केला नाही, कारण सहा रिव्हिजनमध्ये तो एकदाही करावा लागला नव्हता. वाचताना सगळं ओळखीचं वाटत होतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, हे तर वहीत होतं!" होतंच. निकाल लागल्यावर पुन्हा तेच, "तू नीट वाचल्या नसशील. तुला प्रत्येक गोष्टीचं कारण शोधत बसायची सवय आहे, परीक्षेला उत्तरं लागतात." हे वाक्य मला अजून टोचतं, कारण त्या वर्षी मी कारणं शोधणं मुद्दाम, तिच्याच सांगण्यावरून, बंद केलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी वह्या बाजूला ठेवल्या आणि कोरा कागद घेतला. सगळ्यात आधी वॉरफरिन. कागदावर आडवी रेघ मारली, पहिला दिवस ते पाचवा दिवस. फॅक्टर ७ चं हाफ-लाइफ सुमारे ६ तास, म्हणून त्याची रेषा पहिल्याच दिवशी खाली कोसळते. प्रोटीन सी सुमारे ८ तास, तीही जवळजवळ तिच्याबरोबर. प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे फॅक्टर २, साठ तासांच्याही वर, त्यामुळे ती रेषा रेंगाळत उतरते. हे चित्र काढून झाल्यावर मी त्याच्याकडे बघतच बसले. दुसऱ्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलेला दिसतो तो सातमुळे, पण पेशंट अजून सुरक्षित नाही, कारण प्रोथ्रॉम्बिन शिल्लक आहे. आणि त्याच वेळी गोठण्याला ब्रेक लावणारं प्रोटीन सी संपलेलं आहे. म्हणून तर सुरुवातीला हेपरिन (लगेच काम करणारं, गोठणं रोखणारं औषध) सोबत देतात, किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर येऊन २४ तास होईपर्यंत. जन्मतःच प्रोटीन सी कमी असेल तर तो काळा चट्टा का येतो, हेही त्याच चित्रात आहे. ताईच्या वहीत ह्या चार गोष्टी चार वेगवेगळ्या पानांवर होत्या, दोन तर वेगळ्या वहीत.

वॉरफरिनची गोष्टही तेव्हाच वाचली. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत खराब झालेलं स्वीट क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं डायक्युमेरॉल हे रक्तस्राव घडवणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. ताईच्या मते हा वेळेचा अपव्यय. पण उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, कारण आधी तयार झालेले फॅक्टर संपायला वेळ लागतो. ही एक गोष्ट डोक्यात बसल्यावर वॉरफरिनचा परिणाम उशिरा का, हे मला पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

आणि हे फक्त माझं मत नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. वरून, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं. सहाव्या रिव्हिजननंतर मला अगदी तसंच वाटत होतं.

तर तुमचा प्रश्न. फिजिओलॉजी आणि फार्माकोलॉजी एकत्र घ्या आणि तिथूनच सुरुवात करा, कारण बाकीचं त्यांच्यावर टांगता येतं. बायोकेमिस्ट्री सुटी वाचू नका, पेशंटपासून उलटं या. थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१, उदाहरणाला घ्या. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजला ते लागतं, अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजिनेजला लागतं, ट्रान्सकीटोलेजला लागतं. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या, धड न खाणाऱ्या माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिन खर्च होतं आणि वर्निकी (थायमिनअभावी होणारा मेंदूचा आजार) उद्भवू शकतो. म्हणून थायमिन द्यायचं. (पण शुगर खूप उतरली असेल तर थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवून ठेवू नका. दोन्ही द्या. इथे बरेच जण अतिशहाणपणा करतात.) असा एक पेशंट डोक्यात ठेवला की तीन एन्झाइम आपोआप येतात. ॲनाटॉमीला शेवटी थोडे दिवस ठेवा. रोज जे शिकाल त्याचे प्रश्न त्याच दिवशी सोडवा आणि चुकलेले प्रश्न तीन-चार दिवसांनी पुन्हा. रिव्हिजनचा आकडा मी सांगणार नाही.

आता ताईची बाजू. काही गोष्टींना कारण नसतं, किंवा असलं तरी परीक्षेपुरतं त्याचा उपयोग नसतो. रक्ताच्या कॅन्सरमधली ट्रान्सलोकेशन, म्हणजे क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल, बघा: ९ आणि २२ चं सीएमएलमध्ये, ८ आणि १४ चं बर्किटमध्ये, १४ आणि १८ चं फॉलिक्युलरमध्ये, १५ आणि १७ चं एपीएलमध्ये. ह्यात समजून घेण्यासारखं फार नाही, कार्डं करून घोकायचं. ग्लायकोजन स्टोरेज डिसीजच्या नावांचंही तेच. दुसऱ्या वेळी ह्या याद्यांसाठी मी ताईच्याच वह्या वापरल्या आणि त्या उत्तम होत्या. तेव्हा घोकणं वाईट, असं मी म्हटलंय असा अर्थ काढू नका.

पण ती ज्या पद्धतीने पास झाली ती पद्धत मला तिने दिलीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तिने त्या वह्या स्वतः लिहिल्या होत्या. दिवसभर वॉर्डात उभं राहून, रात्री आठवून, चार पुस्तकं धुंडाळून एक ओळ लिहिली होती. 'सर्वांत कमी हाफ-लाइफ' ह्या तीन शब्दांमागे तिच्या डोक्यात ते अख्खं चित्र होतं. माझ्याकडे तीन शब्दच आले. मागच्या वर्षी मी तिला हे बोलून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "मग मी काय, चित्रंही काढायची होती का तुझ्यासाठी?" आमचं अजून मिटलेलं नाही.

तुमच्या सिनियरच्या नोट्स ठेवा, फेकू नका. पान झाकून आधी स्वतः कागदावर लिहा, मग त्यांच्याशी ताडून बघा. आणि ते सिनियर फोनवर भेटत असतील तर किती वेळा वाचू, हे त्यांना विचारू नका. एखाद्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही लिहिताना तुम्हाला काय माहीत होतं जे इथे लिहिलं नाहीत?