बाळाची दुधाची बाटली गळते, पोटात गॅसही होतो. व्हेंटवाली (हवा आत जायला छिद्र असलेली) बाटली घ्यावी का?

घ्या, पण आधी आहे ती बाटली तपासा. गळती बहुतेकदा साध्या कारणानं होते: रिंग तिरकी बसलेली, निपलची कड नीट वर न ओढलेली. रिंग जोरात आवळू नका, त्यानं सिलिकॉन वाकून उलट जास्त गळतं. गरम दूध भरून लगेच बंद करून हलवलं, तरी आतल्या दाबानं ते बाहेर येतं.

बाळ दूध ओढतं तशी बाटलीत पोकळी होते. हवेला आत यायला वाट नसेल तर निपल चपटं होतं, बाळ ते सोडतं-धरतं आणि हवा गिळतं. व्हेंट ती वाट देतो. (त्याच्या छिद्रात दूध सुकलं की सगळं व्यर्थ!) पोटशूळ मात्र बाटलीनं थांबेलच असं नाही, तो बहुधा ३-४ महिन्यांत आपोआप ओसरतो.